झाकणाच्या आतली नावे

श्री. पुंडलिकराव हिवसे यांना या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असा समितीचा निरोप आला तेव्हा आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धाकधूक सुरू झाली. आनंद याचा की, नागपुरात इंजिनाच्या कामावर पोट भरणाऱ्या आम्हा कितीतरी जणांना पुंडलिकरावांनी घडवले आणि त्या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा मान मला मिळाला. धाकधूक याची की, त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागते. ती गाळून मी नुसती फुले उधळली असती, तर त्यांनी लेख वाचून चष्मा काढला असता आणि म्हटले असते, "छान हाये." त्यांचे 'छान हाये' म्हणजे काम खोलून पुन्हा करायला घ्या, हे त्यांच्याकडे शिकलेल्या कोणालाही विचारा.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. या लेखातही तेच म्हणणार आहे, समितीने क्षमा करावी.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली होती. गाड्यांच्या इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, माझ्याकडे दुरुस्तीला यायचा. त्यातले व्हॉल्व्ह ज्या गोल सीटवर बसतात, त्या सीट मी मशीनवर नव्याने कापून द्यायचो. गिऱ्हाइकाने म्हटले तर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकरही बसवून, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट लावून द्यायचो. मशीन नवे, पदवी नवी आणि डोक्यात हवा. एका दुपारी जुन्या स्कूटरवरून एक गृहस्थ आले. अंगात खाकी शर्ट, आणि लोक खिशाला जिथे पेन लावतात तिथे फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा.

"कामठीच्या सुभेदार मोहोडांच्या जीपचं हेड तुमीच केलं का?"

"हो, मीच. का? व्हॉल्व्हची टकटक ऐकू येते का?"

"आवाज तर बिलकूल नाही येत. तेच तर पंचाईत हाये."

मला राग आला. आवाज येत नाही, ही तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. व्हॉल्व्हची फट किती असावी आणि का असावी, यावर मी त्यांना चांगले दहा मिनिटांचे व्याख्यान दिले. त्यांनी ते मान डोलावत ऐकून घेतले. मग म्हणाले, "सांगता चांगलं तुमी. उद्या सकाळी प्रताप नगरात माह्या वर्कशॉपमंदी या. डबा आनू नका, घरी भाकर होईन." माझी आणि काकाजींची पहिली ओळख ही अशी झाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो भांडायच्या तयारीने. सुभेदारांची जीप तिथे उभी होती. सुभेदार मोहोड हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नीला दर आठवड्याला नागपूरच्या दवाखान्यात आणावे लागे आणि ते काम ही जीप करी. माझ्या दुरुस्तीनंतर चार महिन्यांत तिने तेल प्यायला आणि धूर सोडायला सुरुवात केली. एकदा तर भर उन्हात, मोहोड वहिनी आत बसलेल्या असताना, ती रस्त्यातच बंद पडली. हे सगळे काकाजींनी मला बातमी सांगावी तसे सांगितले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बोटही दाखवले नाही.

मग त्यांनी फळीवरून एक लहानशी पितळी डबी काढली. आत तेलात कालवलेला शेंदूर होता. मला वाटले, काम सुरू करण्याआधी पूजा करतात की काय! काकाजींनी इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण उघडले, एका व्हॉल्व्हच्या टोकाला बोटाने शेंदराचा अगदी पातळ हात दिला, आणि हँडल लावून इंजिन हातानेच सावकाश दोन फेरे फिरवले. रॉकर बाजूला केला. शेंदरावर एक पट्टा पुसला गेला होता. तो चांगला रुंद होता आणि मध्यभाग सोडून पार काठाला गेला होता.

ज्यांचा इंजिनाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉकर म्हणजे हापशीचा दांडा समजा. एक बाजू ढकलली की दुसरी बाजू व्हॉल्व्ह दाबते. दांड्याचे टोक नेहमी थोडे गोलाईत फिरते, व्हॉल्व्हला मात्र सरळ खाली जायचे असते. त्यामुळे ते टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर जरासे घसरतेच. दांडा योग्य उंचीवर असेल तर ही घसरण अगदी थोडी आणि बरोबर मधोमध होते. उंची चुकली की घसरण वाढते, व्हॉल्व्ह दर वेळी एका अंगाला ढकलला जातो, आणि तो ज्या नळीतून वरखाली होतो ती नळी झिजते. मी त्या जीपच्या सीट जरा जास्तच खोल कापल्या होत्या. व्हॉल्व्ह आत गेले आणि त्यांची टोके वर आली, जेमतेम एक मिलिमीटर. रॉकरची उंची काही मी बदलली नाही. स्क्रू फिरवून फट तेवढी बरोबर आणली, आवाज बंद झाला, आणि मी खूश.

"पण फट बरोबर आहे," मी म्हणालो. हार मानायची तर थोडे झुंजून मानावी, असा माझा स्वभाव आहे.

"फट बरोबर हाये, चाल बरोबर नाही," काकाजी म्हणाले. "स्क्रू काहून असते सांगतो तुमाले. जे बरोबर हाये, त्याले टिकवासाठी. जे चुकलं, त्याले झाकासाठी नाही."

चार वर्षांच्या कॉलेजात हे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवशी झिजलेल्या नळ्या बदलल्या, आणि रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्याच्या आधारांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालून तो सगळा दांडा वर उचलला. काम काकाजींनी मलाच करायला लावले. चकती घालायची, शेंदूर लावायचा, दोन फेरे फिरवायचे, पट्टा पाहायचा, परत खोलायचे. चार वेळा चुकले. पाचव्या खेपेला पट्टा गव्हाच्या काडीएवढा बारीक आणि ऐन मधोमध उमटला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काकाजी एवढेच म्हणाले, "आता जेवा."

जेवण काकूंनी वाढले: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चे तेल. वाढता वाढता त्यांनी विचारलेच, "अहो, माह्या मारुतीचा शेंदूर आज पुन्हा कमी काहून झाला?" काकाजी भाकरीत तोंड घालून गप्प. देवघरातल्या शेंदरावर शहरातली इंजिने सुधारतात, हे गुपित मला त्या दिवशी कळले.

आणि त्याच संध्याकाळी ती गोष्ट घडली, जी मी बावीस वर्षे मनात बाळगली.

सुभेदार जीप न्यायला आले. रुबाबदार मिशा, ताठ कणा. त्यांनी सरळ विचारले, "हिवसेसाहेब, नेमकं झालं काय होतं? किसकी गलती थी?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, चिंधीने हात पुसत. सुभेदारांनी मला कधी पाहिले नव्हते. हेड माझ्याकडे दुसऱ्याच मेकॅनिकने पाठवले होते, आणि ते कोणाकडे झाले हे सुभेदारांना ठाऊक नव्हते.

काकाजी म्हणाले, "काम आमचं कच्चं राह्यलं होतं, सुभेदारसाहेब. आता बरोबर झालं."

आमचं! ज्या माणसाने त्या इंजिनाला त्यापूर्वी हातही लावला नव्हता, तो 'आमचं' म्हणाला. सुभेदारांनी त्यांना दोन कडक शब्द सुनावले, पत्नीचे उन्हातले हाल ऐकवले. काकाजींनी खाली मान घालून ते ऐकून घेतले. एक पाऊल पुढे टाकून 'चूक माझी' म्हणायला मला कोणी अडवले नव्हते. मी मूग गिळून उभा राहिलो. हिंगण्यात नवे दुकान, नवे नाव, ते खराब होईल ही भीती. दुसरे काही नाही.

काकाजींच्या वर्कशॉपचा एक रिवाज आहे. इंजिनाचे झाकण शेवटी बसवण्याआधी ते उलटे करून पुसायचे, आणि ज्याने ज्याने काम केले त्याने आतल्या बाजूला टोच्याने आपले नाव कोरायचे. आडनाव नाही, पदवी नाही, नुसते नाव. ते गाडीच्या मालकाला कधी दिसत नाही. दिसते ते पुढे कधीतरी झाकण उघडणाऱ्या मेकॅनिकला. एकदा मी विचारले, की मग लिहायचे कशाला, तर उत्तर मिळाले, "मालकाले दिसलं असतं तर त्याले जाहिरात म्हनलं असतं गा." त्या संध्याकाळी काकाजींनी जीपच्या झाकणात 'पुंडलिक' असे कोरले आणि टोच्या माझ्यापुढे धरला. मला तो घेता आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टोच्या परत फळीवर ठेवला, आणि म्हणाले, "ठीक हाये. वाटन तवा लिहिजो." त्या क्षणापासून मी 'तुमी'चा 'तू' झालो.

पुढे मी दर रविवारी प्रताप नगरात जाऊ लागलो. तिथे जे शिकलो ते सांगायला हा ग्रंथ पुरणार नाही, म्हणून दोनच प्रसंग सांगतो.

काकाजींची शिस्त उन्हाळ्यात पाहावी. ज्या इंजिनाची फट थंड असताना लावायची, त्याला ते गरम असताना हात लावत नाहीत. आता नागपूरच्या मे महिन्यात थंड म्हणजे काय, हा प्रश्नच आहे. काकाजींचे माप ठरलेले. इंजिनावर तळहात ठेवायचा आणि मनात पन्नास मोजायचे. तोवर हात सुखाने टिकला तर थंड. एकदा एक पुढारी मोठी गाडी घेऊन आले, सभा गाठायची घाई. गाडीतून उतरलेला माणूस म्हणाला, "भाऊ, साहेब बसले आहेत, जरा लवकर." काकाजींनी पन्नास मोजायला हात ठेवला, सातावर उचलला, आणि म्हणाले, "साहेबाले म्हना, च्या पिऊन घ्या. इंजिनाले माहीत नाही कोन बसलं हाये थे." साहेबांनी चहा घेतला. दोनदा घेतला. सभेला ते दुसऱ्याच गाडीने गेले, पण पुढे त्यांच्या सगळ्या गाड्या प्रताप नगरात येऊ लागल्या, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरा प्रसंग माझ्या घरचा. वडिलांचे ऑपरेशन झाले तेव्हा बारा दिवस मी दवाखान्यातून हललो नाही. शेड बंद राहणार, कबूल केलेली कामे रखडणार, हे मी धरूनच चाललो होतो. तेराव्या दिवशी जातो तो सगळी हेड तयार, ओळीने मांडलेली. काकाजी रोज सकाळी स्कूटरवरून हिंगण्याला येत होते. गिऱ्हाइकांनी विचारले तर सांगत, "मी इथं कामाले हाये. मालक दवाखान्यात हायेत." वर प्रत्येक हेडवर चिठ्ठी: मुकुंदाने तपासल्याशिवाय देऊ नये. त्यांचे काम मी तपासायचे! तरी आज्ञा म्हणून तपासले, आणि एका हेडवर एक सीट केसभर रुंद राहिलेली सापडली. दोन दिवस मी सांगू की नको करत होतो. शेवटी भीत भीत सांगितले. काकाजींचा चेहरा असा काही फुलला, की पाहत राहावे. घरात जाऊन त्यांनी काकूंना सांगितले, "अवो, पोरानं माही चूक पकडली! आज पाटवड्या करा." तिशी ओलांडलेला मी त्या घरात पोर होतो. त्या पाटवड्यांचा रस्सा झणझणीत होता, पण माझ्या डोळ्यांत पाणी आले ते रश्श्याने नव्हे. स्वतःची चूक पकडली गेल्याचा असा आनंद ज्यांना होतो, त्यांच्या पंक्तीला मी बसलो होतो, आणि माझी चूक मी अजून गिळूनच होतो.

कौतुकाच्या ओघात काकाजींचे दोष लपवले, असे कोणी म्हणू नये. ते फोन उचलत नाहीत. दुपारी जेवणानंतर त्यांना उठवणाऱ्याशी ते चार दिवस बोलत नाहीत. हिशेबाची वही म्हणून ते कॅलेंडरची मागची बाजू वापरतात, इतक्या बारीक अक्षरात, की एका महिन्याच्या पानावर वर्षभराची मापे मावतात. कोरी जागा वाया गेलेली त्यांना खपत नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

त्यांच्याकडची कितीतरी झाकणे आज माझे नाव पोटात घेऊन फिरत आहेत. त्या जीपच्या झाकणात मात्र ते नव्हते. जीप मधल्या काळात तीनदा आली, पण ती येणार असे कळले, की मला नेमके हिंगण्यात तातडीचे काम निघायचे. काकाजींनी एका शब्दाने विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतले. गेलो तर दारात तीच जीप. सुभेदार आता ऐंशीच्या पुढचे, मिशा पांढऱ्या, कणा तसाच. शेजारी वहिनी, आजारातून केव्हाच उठलेल्या, खणखणीत, आणि जीपच्या सीटला नावे ठेवत बसलेल्या. या खेपेला मला पळता आले नाही, कारण काकाजींनी खिशाचे फिलर गेज काढून माझ्या हातात दिले. त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"मुकुंदा, माह्या हाताले आता फट समजत नाही. डॉक्टर म्हनते, औषध चालू ठेवा, हात बरा होईन. तवापावेतो तू लाव."

बावीस वर्षे मी ते गेज त्यांच्या खिशाला पाहिले होते. हातात घेतले तेव्हा ते अजून त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होते. मी कामाला लागलो. चकत्या तपासल्या, फट लावली, शेंदूर लावला, दोन फेरे फिरवले. काकाजी भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "चाल बरोबर हाये." आणि लगेच, "झाकन पूस."

झाकण उलटे करून मी तेल पुसले. दर दुरुस्तीची एक ओळ, दर ओळीत दोन-तीन नावे, एकाला एक चिकटून. फक्त सगळ्यात वरच्या ओळीत एकच नाव होते: पुंडलिक. आणि त्याच्या शेजारी बोटभर लांब कोरी जागा. नंतरची सगळी नावे तिच्या खाली कोरलेली होती. कॅलेंडरची पाठसुद्धा वाया न घालवणाऱ्या माणसाने ती जागा तीन वेळा ओलांडून खाली लिहिले होते, लिहवून घेतले होते.

मी झाकण हातात घेऊन तसाच सुभेदारांपुढे गेलो. "सुभेदारसाहेब, बावीस वर्षांपूर्वी तुमची जीप बिघडली, ती माझ्या चुकीने. काकाजींचा त्यात काही दोष नव्हता. हेड मी केले होते."

सुभेदारांनी कानामागे हात धरला. "काय म्हनता? जोरानं बोला."

आता सांगतो, ज्या गोष्टीला एकदा तोंडातून काढायला बावीस वर्षे लागतात, ती दुसऱ्यांदा ओरडून सांगणे ही काय शिक्षा असते! मी ओरडलो. वर्कशॉपमधले सगळे कारागीर हातातले पाने तसेच धरून थांबले. समोरच्या किराणा दुकानातला माणूसही बाहेर आला.

सुभेदारांनी काकाजींकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग थ्या दिवशी मी हिवसेसाहेबाले एवढं बोललो, थे सगळं तुमाले होतं?"

"हो."

ते काकाजींकडे वळले आणि त्यांनी चक्क सॅल्यूट ठोकला. वहिनी आतून म्हणाल्या, "माफीबिफी नंतर मांगा बाप्पा, आधी ही सीट पाहा, कमर दुखून राहिली माही." सगळे हसले. मीही हसलो, आणि कितीतरी वर्षांनी त्या जीपशेजारी माझा श्वास मोकळा झाला.

काकाजींनी फळीवरचा टोच्या घेतला आणि माझ्यापुढे धरला. त्या कोऱ्या जागेत माझे नाव बरोबर मावले. मग आजच्या कामाची नवी ओळ खाली सुरू केली. तिथे पुन्हा माझे नाव कोरले आणि टोच्या त्यांच्याकडे केला. त्यांनी आपल्या थरथरत्या हाताकडे पाहिले आणि मान हलवली. "आज नाही. अक्षर खराब येईन. हात बरा झाला का लिहीन."

टोच्या फळीवर ठेवला आणि झाकण बसवले. आत त्या नव्या ओळीत माझ्या नावाच्या आधी मी बोटभर जागा सोडली आहे.

काकाजी, आपला हात बरा व्हावा, दृष्टी अशीच बारीक राहावी, काकूंनी शेंदराच्या डबीवरून आपल्याला अजून वर्षानुवर्षे बोल लावावेत आणि आपण भाकरीत तोंड घालून ते ऐकावेत, ही आम्हा सर्वांची त्या शेंदराच्या मालकाकडे मागणी आहे. सुभेदार पुढच्या हिवाळ्यात जीप घेऊन येणार आहेत, तसे त्यांनी वहिनींदेखत कबूल केले आहे. झाकण मीच उघडीन. तुमची जागा राखलेली आहे. अक्षर कसेही येवो, नाव तुम्हीच लिहायचे आहे.